वेस्ट्रानच्या आधीची माणसं

आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या मॅडमनी आजवर एकही गोष्ट, दुसऱ्याने हातात ठेवली तशीच्या तशी, घेतलेली नाही. शाळेचं वेळापत्रक असो, डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य असो, लग्नाच्या पंगतीतला मठ्ठा असो नाहीतर महाराष्ट्राचा नकाशा असो, मॅडम आधी त्या गोष्टीकडे चष्म्यावरून पाहतात, मग चष्म्यातून पाहतात, मग चष्मा काढून हातात घेतात आणि "हे असं काहून हाये?" एवढंच विचारतात. तिथून पुढे त्या गोष्टीचं काही खरं नसतं. डॉक्टरांनी एकदा त्यांना ठेचा बंद करायला सांगितला होता. ठेच्यात नेमकं काय वाईट, मिरची, लसूण की वाटायची पद्धत, असं मॅडमनी त्यांना इतक्या शांतपणे आणि इतका वेळ विचारलं, की बाहेर पेशंट खोकून खोकून थकले आणि शेवटी डॉक्टरांनीच 'थोडा चालेल' असं कबूल केलं. मॅडम बाहेर आल्या त्या एखादा मुलूख जिंकून आल्यासारख्या, आणि येताना 'थोडा' म्हणजे किती, हे विचारायचं त्यांनी जाणूनबुजून टाळलं होतं.

पांढरकवड्याहून त्यांच्या माहेरच्या तांड्याकडे फाटा फुटतो, तिथे पूर्वी बसचा थांबा नव्हता. मॅडम बंजारा समाजातल्या. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मुलुखभर माल पोचवत फिरले, आणि आता त्या तांड्यात सगळे कापूस नि तूर पिकवतात. तर मॅडम तांड्यावर निघाल्या की फाटा जवळ आल्यावर जागेवरून उठत, ड्रायव्हरशेजारी जाऊन उभ्या राहत आणि इथे थांबा का नाही याची विचारपूस सुरू करत. त्या भांडत नसत. त्या माहिती विचारत. ड्रायव्हर बिचारा चालत्या गाडीत मान वळवून किती उत्तरं देणार? हात जोडायला म्हणून तो गाडी थांबवायचा, तेवढ्यात फाटा आलेला असायचा आणि मॅडम उतरून गेलेल्या असायच्या. असं पुष्कळ दिवस चाललं. पुढे पुढे ड्रायव्हर न विचारताच थांबू लागले, मग बाकीचेही उतरू लागले, आणि आज तिथे पत्र्याची शेड आहे. शाळेतल्या महाराष्ट्राच्या मोठ्या नकाशावर त्यांनी आपल्या कपाळावरची लाल टिकली काढून तांड्याच्या जागी लावून टाकली होती. तपासणीला आलेल्या साहेबांनी हे कोणतं ठिकाण आणि कोणाच्या आदेशाने दाखवलं, असं विचारलं. मॅडम म्हणाल्या, तिथं माणसं राहतात, त्यांच्या आदेशानं. साहेबांनी पाणी मागितलं.

त्यांचे यजमान ग्रामसेवक म्हणून निवृत्त झालेले, अत्यंत शांत गृहस्थ. कशालाही ते 'हाव', म्हणजे हो, म्हणतात. मी एकदा त्यांना यामागचं रहस्य विचारलं, तेव्हा ते अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होते. हातातली शेंग खाली न ठेवता ते म्हणाले, "घरातल्या एकानं सगळ्याले नाई म्हटलं, त दुसऱ्याले सगळ्याले हाव म्हणा लागते सर. नाईतर घर चालन कसं?"

मी त्याच शाळेत मराठी शिकवतो. स्टाफरूममध्ये माझी खुर्ची मॅडमच्या खुर्चीला लागून आहे आणि माझ्या स्कूटरची मागची सीट जवळजवळ त्यांच्याच मालकीची आहे. त्यामुळे पुढे जे घडलं त्यात मी अगदी सुरुवातीपासून, माझं मत कोणीही न विचारता, सामील झालो.

झालं असं, की त्यांचा मुलगा हैदराबादला एका कंपनीत कामाला. त्याने हौसेने टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र घेतलं, आणि रात्र रात्र त्यात जाऊ लागल्यावर स्वतःच घाबरून ते दिवाळीला घरी आणून ठेवलं. कपाटात कुलपात ठेव आणि मी मागितलं तरी देऊ नको, असं तो आईला बजावून गेला. मॅडमना एखादी वस्तू कुलपात ठेवायला सांगणं म्हणजे काय, हे पोटच्या पोरालाही कळू नये याचं मला नवल वाटलं. नाताळाच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे गेलो, तर मॅडम टीव्हीपुढे पाटावर बसलेल्या, नाकावर चष्मा, दोन्ही हातांत ते बटणांचं खेळणं, आणि पडद्यावर एक झुरळासारखा, पण म्हशीएवढा प्राणी त्यांच्या अंगावर धावून येतोय. मी ओरडणार होतो. मॅडम त्या प्राण्याला म्हणाल्या, "थांब ना बाप्पा, मी चूल पाहून राह्यली."

खेळाचं नाव 'वेस्ट्रान'. परदेशी कंपनीचा, आणि त्याचे चार भाग निघालेले. ज्यांना हे खेळ ठाऊक नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वेस्ट्रान हा दूरचा एक ग्रह. तिथे चिलखत घातलेला एक शिपाई उतरतो. समोर एक वस्ती आहे, घरं आहेत, गल्ल्या आहेत, पण माणूस एकही नाही. आहेत ते फक्त म्हशीएवढे किडे. खेळणाऱ्याने ते मारत मारत पुढे जायचं, एवढाच खेळ. मॅडमनी पहिला किडा नाइलाजाने मारला आणि त्यानंतर पुढे जायचं नाकारलं. त्या शिपायाला घेऊन घराघरांत शिरल्या. फळ्यांवरची भांडी पाहिली, खाटा पाहिल्या, मुलांचे झोके पाहिले. चारी भाग त्यांनी असेच खेळून काढले. मुलाने फोनवर किती किडे मारले विचारलं, तर मॅडमनी त्याला वस्तीत विहिरी कुठे कुठे आहेत ते सांगितलं.

मग हा प्रश्न स्टाफरूममध्ये आला. एवढी मांडलेली घरं सोडून ही माणसं गेली कुठे? गणिताचे सर हसत म्हणाले, मॅडम, तो खेळ आहे, ज्यांनी बनवला त्यांनी माणसं बनवलीच नाहीत, मग जातील कुठे? सगळे हसले. मॅडमनी चष्मा काढून हातात घेतला, तेव्हा मी माझा डबा बंद केला, कारण आता सुट्टी संपेपर्यंत जेवण व्हायचं नाही हे मला कळलं होतं.

"बनवले नाई म्हणून नव्हतेच काय?" त्या म्हणाल्या. "माहा तांडा तुमच्या भूगोलाच्या पुस्तकात नाई. म्हणून मी नाई काय, सर?"

पुस्तक खरं तर त्यांच्याच विषयाचं होतं, पण हे कोणी बोललं नाही.

त्याच आठवड्यात त्यांनी लिहायला घेतलं. वेस्ट्रान ओसाड का पडलं याची कादंबरी; खेळ सुरू होण्याच्या आधीची गोष्ट. मॅडमचं म्हणणं असं, की वेस्ट्रानवर राहणारी माणसं मुळात माल वाहणारी होती. एका ग्रहावरून मीठ उचलायचं, दुसऱ्यावर उतरवायचं, तिथून बियाणं घ्यायचं, पुढे निघायचं. जुन्या काळी त्यांच्या समाजाची लदेणी चालायची, म्हणजे लादलेल्या बैलांचा काफिला चालायचा, तशीच ही, फक्त बैलांच्या जागी यानं. तांड्याचा जसा नायक असतो तशी या काफिल्याची एक नायकीण होती. ती सगळ्यांना घेऊन वेस्ट्रानवर उतरली, विहिरी खोदल्या, वस्ती केली, दोन पिढ्या सुखात गेल्या. आणि मग किडे आले. इथे बाकी कोणीही लेखक असता तर त्याने एक मोठं युद्ध लावून दिलं असतं आणि सगळ्यांना मारून मोकळा झाला असता. मॅडमनी एकाला मारलं नाही. माणसं सामान लादून शिस्तीत निघून गेली, असं त्यांचं ठाम मत. पुरावा काय म्हणून मी विचारलं. त्यांनी मला टीव्हीपुढे बसवलं आणि शिपायाला एका स्वयंपाकघरात उभं केलं. फळीवर कप ओळीने उपडे ठेवले होते.

"जीव घेऊन पयणारा माणूस कप धुऊन उपडे घालते काय?" मॅडम म्हणाल्या. "हे घर आवरून गेलेल्या बाईचं हाये."

मी मराठीचा शिक्षक आहे, वकील नाही. पण तो पुरावा मला पटला.

शुद्धलेखन तपासायचं काम माझ्याकडे आलं आणि आमची खरी लढाई तिथे सुरू झाली. कादंबरीतल्या नायकिणीपासून यानांच्या ड्रायव्हरांपर्यंत सगळे अस्सल वऱ्हाडी बोलत. आता आमच्याकडे बायकाही 'मी येतो, मी जातो' असंच म्हणतात. माझी आई तेच म्हणायची, माझी बायको तेच म्हणते. पण कागदावर 'मी येतो' दिसलं की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. मी नायकिणीच्या तोंडी 'मी येते' घातलं. मॅडमनी ते खोडून पुन्हा 'येतो' केलं. मी दुसऱ्या प्रकरणात 'सांगते' केलं, त्यांनी 'सांगतो' केलं. शेवटी मी त्यांना म्हणालो, की पुण्यामुंबईच्या वाचकाला वाटेल नायकीण बाई आहे की पुरुष. मॅडम म्हणाल्या, ती पानोपानी यान चालवते, पोटुशी असताना वस्ती वसवते, आणि एवढं करूनही तुमच्या वाचकाला 'येतो'वरून शंका येत असेल, तर तिच्या बोलण्यात चूक नाही, वाचकाच्या डोक्यात आहे. मी पेन खिशाला लावलं. खरं सांगायचं तर हरल्याचं दुःख झालं नाही. ती बोली वाचताना माझ्याच घरात कोणी बोलतंय असं वाटत होतं, आणि ते घर आकाशात कुठेतरी इतक्या लांब होतं, की मजा यायची. दोन ताऱ्यांच्या मधल्या नाक्यावर यान अडवून कागद मागणाऱ्या शिपायाशी मॅडमचा एक ड्रायव्हर जे बोलतो, ते वाचून मी वर्गात एकटाच हसलो आणि पोरं माझ्याकडे बघायला लागली.

कादंबरी पुरी झाल्यावर आम्ही नागपूरच्या एका प्रकाशकांकडे गेलो. सज्जन माणूस. त्यांनी चहा दिला, आठ दिवसांत सगळं वाचून काढलं आणि फोन केला. गोष्ट आवडली म्हणाले. पण एक तर भाषा थोडी सगळ्यांना कळेलशी करावी, आणि दुसरं, वेस्ट्रान हे नाव त्या कंपनीचं, तेव्हा त्यांची परवानगी हवी. पहिल्या मुद्द्यावर मॅडमनी त्यांना सगळे म्हणजे कोण, हे विचारलं आणि तो मुद्दा तिथेच संपला. दुसरा मुद्दा त्यांना रास्त वाटला. दुसऱ्याच्या शेतातून जायचं तर विचारून जावं, एवढं त्या मानतात. मी इंग्रजीत ईमेल लिहिला, मॅडमनी तो माझ्याकडून परत परत वाचून घेतला आणि 'विनंती' हा शब्द कमी करायला लावला.

उत्तर यायला उन्हाळा उजाडला. कंपनीने फार गोड शब्दांत आभार मानले होते. चाहत्यांचं प्रेम हीच आमची ताकद वगैरे. पण वेस्ट्रानच्या नावाने पुस्तक छापून विकायची परवानगी देता येत नाही, आणि आनंदाची बातमी अशी, की वेस्ट्रानच्या आधी काय घडलं हे सांगणारी आमची स्वतःची कादंबरी लवकरच येत आहे. मला वाटलं मॅडम चिडतील. त्या उलट खूश झाल्या. म्हणजे प्रश्न त्यांनाही पडला तर, असं म्हणून त्यांनी मुलाला ते पुस्तक आल्या आल्या पाठवायला सांगितलं.

पुस्तक आलं ते जाडजूड, चकचकीत. दर रविवारी सकाळी मी त्यांच्या अंगणात बसून इंग्रजी वाचायचो आणि मराठीत सांगायचो. यजमान शेजारी बसून ऐकायचे आणि मी पान उलटलं की 'हाव' म्हणायचे. पहिल्या रविवारी सगळं ठीक चाललं. मॅडमना यानाचं वर्णन आवडलं. दुसऱ्या रविवारी वस्तीतल्या माणसांची माहिती आली. ती माणसं म्हणजे दुसऱ्या ग्रहांवरून हाकलून इथे आणून टाकलेले गुन्हेगार होते, चोर आणि दरोडेखोर. त्यांनी आपसात मारामाऱ्या केल्या, खोदू नये तिथे खोदलं, किडे बाहेर आले, आणि प्रकरणाच्या शेवटच्या ओळीपर्यंत सगळे मेले. तिसऱ्या प्रकरणापासून शिपायाचं बालपण सुरू होत होतं.

मी थांबलो. मॅडमनी गुन्हेगारांचं ते वाक्य मला पुन्हा वाचायला सांगितलं. मी वाचलं. त्यांनी चष्मा काढला नाही, काही विचारलं नाही.  मग त्या हळू आवाजात आपल्या आजोबांबद्दल सांगू लागल्या. इंग्रजांच्या काळात काही तांड्यांवर गुन्हेगार असा शिक्का होता. कोणी काही केलेलं असो वा नसो, जन्मालाच शिक्का. त्यांच्या आजोबांना दुसऱ्या गावी जायचं तर आधी तिथल्या पाटलाकडे हजेरी द्यावी लागायची. पुढे कायदा गेला, शिक्का पुसला, आजोबा म्हातारे झाले. पण मॅडमच्या धाकट्या बहिणीच्या साखरपुड्याला ते पाहुण्यांच्या गावात उतरले, तेव्हा मांडवात जायच्या आधी त्यांनी रस्त्यातल्या माणसाला हात जोडून विचारलं होतं, की पाटलाचं घर कुठे आहे.

"वस्ती दिसली, मालक दिसत नाई," मॅडम म्हणाल्या, "मंग चोरच असतीन. बस, एवढ्यातच ठरवून टाकते लोक."

त्यानंतर त्यांनी मला कागद घ्यायला सांगितला. कंपनीला दुसरा ईमेल गेला. त्यात परवानगी वगैरे काही मागितली नव्हती. तुमच्या पुस्तकात चूक आहे, एवढं कळवलं होतं. वस्तीत कुठेही तुरुंग नाही, एकाही दाराला बाहेरून कडी नाही, विहिरीवर पाणी प्यायला सगळ्यांसाठी एकच भांडं ठेवलेलं आहे, आणि दरोडेखोर मुलांसाठी झोके बांधत बसत नाहीत. तरी पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करावी. मी खाली 'आपली नम्र' लिहिलं होतं, त्यातलं 'नम्र' मॅडमनी काढलं. या ईमेलला मात्र उत्तर लगेच आलं. वेस्ट्रान परिवारात रस दाखवल्याबद्दल कंपनीने धन्यवाद दिले होते आणि पाचव्या भागाच्या खरेदीवर सवलतीचं कूपन पाठवलं होतं.

ही बातमी स्टाफरूममध्ये पसरल्यावर मुख्याध्यापकांना उगाच धास्ती बसली, की आता परदेशातून वकील येऊन शाळेच्या ऑफिसात बसणार. ते मॅडमना रोज एकदा जपून घ्या म्हणायचे, आणि मॅडम त्यांना वकील आले तर चहाला माझ्या घरी पाठवा म्हणायच्या. नागपूरच्या प्रकाशकांचा जीवही पुस्तकात अडकलेला होताच. त्यांनी फोन करून फार आपुलकीने तोडगा सुचवला. ग्रहाचं नाव बदला, वेस्ट्रानऐवजी दुसरं काहीही ठेवा, गोष्ट तीच राहू द्या, भाषाही तुमचीच राहू द्या, मी दिवाळीच्या आत पुस्तक काढतो. मला वाटलं, झालं. याहून चांगलं काय मिळणार? मी तर मनातल्या मनात दोन-तीन नावंही जुळवली. मुलाने हैदराबादहून फोन करून होकार द्यायचा आग्रह केला, आणि यजमानांनी हाव म्हटलं, पण त्याला काही अर्थ नव्हता.

मॅडमनी नाही सांगितलं. मी त्यांच्यावर वैतागलो. एका नावासाठी एवढं पुस्तक बुडवता, असं त्या दिवशी मी जरा चढ्या आवाजातच म्हणालो. त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

"नाव बदललं त ते दुसऱ्या गावची गोष्ट होईन, सर," त्या म्हणाल्या. "वेस्ट्रानवाले चोरचे चोरच राह्यतीन."



कंपनीने विकायला मनाई केली होती. मग मॅडमनी विकायचं नाही असं ठरवलं. बसस्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात त्यांनी कादंबरीच्या प्रती काढल्या, स्पायरल करून घेतल्या आणि पहिल्या पानावर 'हे विकायचं नाही, वाचून झालं की पुढच्याला द्या' असं लिहून त्या वाटायला सुरुवात केली. शाळेत दिल्या, बसमध्ये दिल्या, डॉक्टरांना एक दिली. महामार्गावरच्या ढाब्यावर एक ठेवली, आणि तिथे मात्र चमत्कार झाला. नागपूर-हैदराबाद करणाऱ्या ट्रक ड्रायव्हरांना ती गोष्ट आपलीच वाटली. बिघडलेलं यान ओसाड जागी उभं करून मदतीची वाट बघणं, नाक्यावरची कटकट, घरच्यांचा आवाज ऐकायला आसुसणं, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाचायचा, बाकीचे जेवता जेवता ऐकायचे. एक प्रत अशीच कोणाच्या तरी केबिनमधून ढाणकीच्या बाजारात पोचली. बाभुळगावला एका लग्नात माझ्या शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थांनी मला वेस्ट्रानच्या नायकिणीची गोष्ट पहिल्यापासून ऐकवली आणि ही सत्यघटना असल्याचं सांगितलं. मी त्यांना दुरुस्त केलं नाही.

आणि मग मॅडमनी आपल्या तांड्यात वाचन लावलं. देवळासमोर सतरंजी अंथरून, रविवारी उन्हं उतरल्यावर, एकेका प्रकरणाचं. पुस्तकातलं मराठी वाचायचं आणि मधे मधे गोरबोलीत समजावून सांगायचं. गोरबोली ही त्यांची घरची भाषा. मला तिच्यातलं आई म्हणजे याडी यापलीकडे फार कळत नाही. पण चेहरे कळत होते. तांड्यातल्या म्हाताऱ्यांना ग्रह, यानं, किडे यांचं काडीचं नवल वाटलं नाही. मीठ कुठून भरलं आणि कुठे उतरवलं, यावर मात्र त्या खोलात जाऊन प्रश्न विचारत, आणि एकदा तर मुक्कामाची जागा चुकीची निवडली म्हणून त्यांनी मॅडमना चांगलंच धारेवर धरलं. मॅडमनी ते प्रकरण निमूट बदललं. माझा एक 'येते' न चालवून घेणाऱ्या बाई तिथे पेन काढून म्हाताऱ्या सांगतील ते लिहून घेत होत्या, हे पाहून मला थोडं लागलंही.

शेवटच्या प्रकरणाला सगळा तांडा जमला होता. किडे जवळ येत चाललेत, नायकीण सामान लादायला सांगते, बायका घरं आवरतात, यानं एकामागून एक उठतात, आणि वस्ती मागे रिकामी राहते. मॅडम थांबल्या.  पुढच्या ओळीत बसलेली एक अगदी थकलेली म्हातारी, हातात कोपरापर्यंत जुन्या पांढऱ्या बांगड्या असलेली, काहीतरी पुटपुटली. मॅडमनी वाकून पुन्हा विचारलं, तेव्हा तिने तेच जरा मोठ्याने विचारलं. माझ्या शेजारच्या माणसाने मला मराठीत सांगितलं, की ती विचारते आहे, म्हातारी माणसं पण नेली का सोबत?

पुस्तकात याबद्दल एक अक्षर नव्हतं. ते मला माहीत होतं, मी प्रत्येक ओळ तपासली होती. मॅडमनी हातातल्या कागदांकडे पाहिलं, मग ते मिटून मांडीवर ठेवले आणि म्हातारीकडे पाहत थोडंसंच बोलल्या. म्हातारीने मान हलवली आणि पदर सावरून ती आरामात बसली. शेजाऱ्याने मला सांगितलं, की मॅडम म्हणाल्या, पहिल्या गाडीत म्हाताऱ्यांनाच बसवलं; वाट त्यांनाच ठाऊक होती.

परत निघालो तेव्हा संध्याकाळ होत आली होती. दोन्हीकडे वेचणीला आलेला कापूस होता आणि रस्ता मोकळा होता. मॅडम मागे बसल्या होत्या आणि एरवी माझ्या गाडी चालवण्यावर जी टीका चालते ती चालू नव्हती. फाट्याच्या अलीकडे आल्यावर त्या बोलल्या. नोकरी लागून त्या पांढरकवड्याला राहायला आल्या, तेव्हा त्यांनी आईसाठी घराला एक वेगळी खोली काढून घेतली होती, पूर्वेच्या खिडकीची. आई नेहमी पुढच्या दिवाळीला पाहू म्हणायची. मॅडमनी जगातल्या प्रत्येक माणसाशी वाद घातला, पण आईशी घालायचं राहून गेलं. तिने नाही म्हटलं आणि यांनी ते मानलं. शेवटी आई तांड्यावरच, एकटी असताना वारली.

मी रस्त्याकडे पाहत गाडी चालवत राहिलो. गाडीच्या आवाजात मला ऐकू आलं नसेल असं त्यांना वाटलं असावं, म्हणून त्यांनी माझ्या खांद्याजवळ वाकून विचारलं.

"गोष्टीत नेलं तिले, त चालन ना, सर?"

इतक्या वर्षांच्या ओळखीत मॅडमनी मला कशाची परवानगी मागितल्याचं मला आठवत नाही. कंपनीकडे मागितली ती एकदा, आणि ती मिळाली नव्हती. माझा अधिकार तर ऱ्हस्व-दीर्घापुरता. तरी मी गाडी हळू केली आणि त्यांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "चालन, मॅडम."